गोचीडवहिनींचा ओढा

वहिनींना 'गोचीडवहिनी' हे नाव कुणी ठेवलं याचा तपास कधी लागला नाही. संशय मात्र कायम धाकट्या दिरावर राहिला. नाव चिकटलं ते गोचिडासारखंच, ओढून निघेना. वहिनींनीही ते काढायची फारशी खटपट केली नाही. रंगाऱ्याने दारावरच्या पाटीवर 'कुत्र्यांची आंघोळ, केस, नखे' एवढं लिहून ब्रश धुवायला घेतला, तेव्हा त्यांनीच त्याला थांबवून खाली आणखी एक ओळ लिहून घेतली: 'गोचीड समूळ नष्ट'. समूळ हा शब्द उच्चारताना त्यांचा चेहरा खुलायचा.

उमेदीची सगळी वर्षं वहिनींनी एका प्रसूतिगृहात आया म्हणून काढली होती. नुकत्याच जन्मलेल्या बाळांना न्हाऊ घालणं हे त्यांचं काम, आणि त्यांच्या मते प्रसूतिगृहातलं खरं काम तेवढंच. डॉक्टर मंडळी नुसती धावपळ करतात. भर बँकेत काचेपलीकडच्या साहेबाला त्या म्हणायच्या, "सही जुळत नाही म्हणतोस? तुला मी जन्मल्या दिवशी पालथा धरून धुतलाय." सही जुळायची.

पुढे मोठ्या डॉक्टर थकल्या, प्रसूतिगृह बंद झालं, त्या जागी गाद्यांचं दुकान आलं आणि वहिनींचे हात रिकामे झाले. त्या रिकाम्या हातांनी त्यांनी घरातली भांडी अशी घासायला घेतली की कढया बिचाऱ्या पातळ झाल्या. अशात एकदा शेजारच्या बेकरीवाल्याचा कुत्रा गटारात पडला. हवालदार त्याचं नाव, आणि अंगानेही तसाच, ढेरपोट्या. बेकरीवाला नाक धरून लांब उभा राहिला. वहिनींनी पदर खोचला, डाव्या हातावर हवालदाराची मान घेतली, उजव्या हाताने पाणी सोडलं आणि तोंडाने "झालं हं, झालं, शहाणं माझं ते" असं सुरू केलं. गल्लीभर गुरगुरत फिरणारा हवालदार डोळे मिटून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी बेकरीवाला आपल्या मेव्हण्याचा कुत्रा घेऊन आला, आणि धंदा सुरू झाला.

घर लांबट होतं. रस्त्याकडच्या खोलीत दिराचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, मध्ये झोपायची खोली, मग स्वयंपाकघर, आणि मागे फरशी घातलेलं अंगण. अंगणात सिमेंटची मोठी कुंडी, नळाला लावलेली रबरी नळी, कुत्र्यांना बांधायच्या कड्या. कुंडीतलं पाणी भिंतीखालच्या पाइपातून पलीकडे जायचं. पलीकडे ओढा होता. बारीकसाच, चार घरांच्या परसामागून वळणं घेत तो खालच्या तळ्याला मिळायचा. संध्याकाळी सगळी वस्ती त्या तळ्याकाठी पाय मोकळे करायला यायची.

वहिनींचे यजमान नोकरीतून निवृत्त झाले होते आणि बोलण्यातून त्याच्या कितीतरी आधी. त्यांच्याकडे टॉवेल खातं होतं. वहिनींनी कुत्रा धुवायचा आणि यजमानांनी पुसायचा. काहीही सांगितलं तरी ते "बरं" म्हणायचे, आणि ते "बरं" इतकं मनापासून असायचं की भांडणाला कुठून हात घालावा हेच वहिनींना कळायचं नाही. ती हौस मग त्या दिराकडून भागवून घ्यायच्या.

दिरांना वहिनी भाऊजी म्हणायच्या, म्हणून सगळी गल्ली भाऊजी म्हणायची. भाऊजींनी लग्न केलं नाही. का केलं नाही असं विचारलं तर म्हणायचे, "वहिनींनी बघितलेली प्रत्येक मुलगी वहिनींसारखीच निघाली." दिवसभर डोळ्याला भिंग लावून ते घड्याळांच्या पोटात बघत बसायचे. दुकानाच्या खिडकीत काचेची मोठी पेटी होती आणि तिच्यात त्यांचे गप्पी मासे. रंगीत शेपट्या हलवत ते सारखे गिऱ्हाइकांकडे बघत राहायचे. सकाळी उठून भाऊजी तळ्यावर जायचे. वहिनींच्या जुन्या परकराच्या कापडाची एक जाळी त्यांनी करून घेतली होती. ती काठाच्या गवताजवळून फिरवायची, आणि निघालेल्या डासांच्या अळ्या नि पाणपिसवा डब्यात भरून माशांना आणायच्या.

"अहो, मी दिवसभर पिसवा मारायच्या आणि तुम्ही घरात पिसवा आणायच्या," वहिनी म्हणायच्या. "लोक काय म्हणतील?"

"वहिनी, त्या पाण्यातल्या आहेत. तुमच्या नात्यातल्या नव्हेत."

"आणि त्यांचं नाव तरी काय, गप्पी. तोंडातून शब्द नाही निघत एकाच्या."

"म्हणूनच पाळलेत. बोलणारी एक आहे घरात."

वहिनी पदराआड हसायच्या आणि वरून चहा थोडा पाणचट करून द्यायच्या. भाऊजी दुपारी जरा लवंडले की मात्र त्या हळूच खिडकीशी जाऊन पेटीतल्या माशांशी बोलायच्या. सगळ्यात थोराड, शेपटी झिजलेल्या माशाला त्यांनी आजोबा नाव दिलं होतं. भाऊजींना हे ठाऊक होतं. ठाऊक आहे हे वहिनींना ठाऊक नव्हतं.

आता गोचिडांचं. वहिनींचं गोचिडांशी वैर होतं आणि त्याला कारण होतं. धंद्याच्या सुरुवातीला त्यांनी स्वतः एक पिल्लू पाळलं होतं. गोचिडाच्या तापाने ते दोन दिवसांत गेलं, वहिनींच्याच मांडीवर. त्यानंतर वहिनींनी चंग बांधला. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडून त्यांनी मानेवर सोडायचे थेंब आणले आणि पाण्यात मिसळून अंगावर ओतायचं औषधही आणलं. एका थेंबाने काम होत असेल तर दोनाने जास्त होईल, हा त्यांचा हिशोब. घरातल्या माणसांना वाढताना लागलेली सवय ती. त्यांच्या हाताला कमी घालणं जमायचंच नाही. गोचीड असो नसो, आलेल्या प्रत्येक कुत्र्याला औषधाची आंघोळ आणि मानेवर थेंब ठरलेले.

त्यातून त्या उन्हाळ्यात गोचिडांनी कहर केला. वहिनींच्या दारात कुत्र्यांची रांग लागली. आणि वहिनींच्या डोक्यातून एक नवी कल्पना निघाली. आंघोळीने कुत्रे रुसतात. मग त्यांचा रुसवा काढायला, सगळं उरकल्यावर, त्यांना तळ्यात मनसोक्त डुंबू द्यावं. मालक लोक खूश. हवालदार तर तळं दिसताच साखळीसकट बेकरीवाल्याला ओढत न्यायचा. संध्याकाळी पाण्यात दहाएक कुत्रे डुंबतायत, काठावर वहिनी कमरेवर हात ठेवून उभ्या, आणि यजमान टॉवेलांची चळत घेऊन मागे, असं ते दृश्य असायचं. आपण वस्तीला काहीतरी मोठं दिलं असं वहिनींना वाटायचं.

पहिली तक्रार भाऊजींनी केली.

"तळ्यात काही मिळत नाही हो हल्ली. जाळी रिकामी येते."

"परकर जुना झालाय. फाटला असेल."

"फाटला असता तर गवत तरी गळालं असतं. गवत येतं, पिसवा येत नाहीत. निवळ्या बघितल्यात का कुठे? पाण्यावर गोल गोल फिरायच्या त्या?"

"मला कुत्र्यांतून डोकं वर काढायला फुरसत आहे का?"

वहिनींनी तरीही जाळीला नवं कापड लावून दिलं. नवी जाळीही रिकामीच आली. चतुर उडेनासे झाले होते. डास तेवढे आधी गेले आणि मग दुपटीने परत आले, कारण अळ्या खाणारं तळ्यात कुणी उरलं नव्हतं. पण डासांचं कारण शोधायला कोण जातं. लोक खिडक्या लावून घेतात.

मग एका सकाळी भाऊजींनी पेटीतलं पाणी बदललं. दर खेपेसारखं अर्धं पाणी काढून त्यांनी ताजं घातलं. नळाच्या पाण्याला वास येतो म्हणून ते ओढा जिथे तळ्याला मिळतो तिथून वाहतं पाणी आणायचे. तेच सगळ्यात निर्मळ, असा त्यांचा विश्वास. दुपारी वहिनी खिडकीशी गेल्या तेव्हा मासे पेटीत वेडेवाकडे गरगरत होते. त्यांनी भाऊजींना हाका मारल्या. भाऊजी धावत आले, एकेक मासा वाटीत काढला, नळाच्या पाण्यात सोडला, पाणी हलवत राहिले. संध्याकाळपर्यंत एकही उरला नाही. आजोबा सगळ्यात शेवटी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी तळ्यावर गेले नाहीत. पेटी धुऊन पुसून त्यांनी परत खिडकीत ठेवली, रिकामीच, आणि डोळ्याला भिंग लावून बसले. समोर घड्याळ नव्हतं. ते बघून वहिनींचं काळीज हललं, आणि वहिनींचं काळीज हललं की पाठोपाठ त्यांचे पाय हलत.

"कुणाचं काम आहे हे मी बघते," त्या म्हणाल्या. "पाण्यात काहीतरी सोडतोय कुणीतरी. ओढ्याच्या वरच्या अंगाला कोण आहे? ती रोपवाली. दिवसभर पाठीवर पंप घेऊन फवारत असते. दुसरं कोण असणार?"

"वहिनी, आधी जरा विचारून..."

"विचारणारच आहे. चला तुम्ही. साक्षीला."

जाताना त्यांनी अंगणाकडे तोंड करून यजमानांना सांगितलं, "अहो, कुंडी भरलेली आहे, सगळे कुत्रे गेले की रिकामी करून ठेवा." आतून "बरं" आलं.

वरच्या अंगाला, ओढ्याच्या काठावर, एका उंच बाईंची रोपवाटिका होती. हिरव्या जाळीखाली कुंड्यांच्या ओळी, आणि मध्ये त्या बाई शांतपणे माती भरत बसलेल्या. वहिनींनी फाटकातूनच सुरुवात केली. दिराचे मासे, तळ्यातल्या पिसवा, निवळ्या, चतुर, सगळ्यांचा पाढा वाचला. पिसवांच्या बाजूने आपण बोलतोय हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. भाऊजींच्या आलं, पण ती वेळ नव्हती.

रोपवाल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि हात झटकले. "फवारते मी. नाही कशाला म्हणू. पण माझं पाणी त्या पलीकडच्या चरात जिरतं, ओढ्यात नाही जात. आता हे मी सांगणार आणि तुम्ही ऐकणार असं काही होणार नाही. त्यापेक्षा ओढ्यात उतरू या."

"ओढ्यात कशाला?"

"दगड उलटायला. लहानपणी गळाला लावायचे किडे आम्ही दगडांखालीच शोधायचो. पाणी चांगलं असलं की ते असतात. माझ्या कुंपणाखाली ते मेलेले निघाले तर माझी चूक."

वहिनींनी पदर खोचला, चपला हातात घेतल्या आणि उतरल्या. रोपवाटिकेच्या कुंपणाखालचा पहिला दगड त्यांनीच उलटला, मोठ्या आशेने. खालून चपटे, तीन शेपट्यांचे किडे सरसर पळाले. वाळूच्या कणांची नळी अंगाभोवती चिकटवून बसलेला एक होता. पारदर्शक झिंग्याचं एक पोर उडी मारून गेलं.

"हे जिवंत आहेत," वहिनी म्हणाल्या. इतक्या नाराजीने कुणी ते वाक्य क्वचितच बोललं असेल.

"दुसरा बघा," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दगडाखालीही तेच. वहिनींनी तिसरा उलटला, चौथा उलटला. "मेले कसे नाहीत हे?" त्या पुटपुटल्या. भाऊजी मागून चालत होते. बाई म्हणाल्या, "खाली जात राहू. जिथे संपतील तिथे बघू."

मग ते तिघे ओढ्यातून खाली निघाले. पिठाच्या गिरणीमागे किडे होते. वहिनींना आता जोर आला. रोपवाली सुटली तरी कुणीतरी सापडणारच होतं. बेकरीमागे थांबून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "बेकरीवाला काय कमी आहे का? भट्टीची राख टाकत असेल." दगड उलटला. तीन शेपट्यांचे दोघे जण आरामात बसलेले. वहिनींनी दगड जरा जोरातच परत ठेवला. पुढे एक वळण होतं. वळणापुढे लाल विटांची भिंत, भिंतीत एक पाइप, आणि पाइपाखाली पाण्यावर पांढरा फेस. फेसात कुत्र्याचे केस अडकले होते, बरेचसे हवालदाराचे.

ओढ्यातून आपलं घर वहिनींनी याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यामुळे क्षणभर त्यांनी त्या भिंतीकडे परक्याच्या भिंतीकडे बघावं तसं, चांगलंच रोखून बघितलं.

पाइपाच्या वरचा दगड रोपवाल्या बाईंनी उलटला. किडे होते. खालचा भाऊजींनी उलटला. एक गोगलगाय चिकटलेली, बाकी काही नाही. त्यांनी आणखी एक उलटला, आणि मग तो अगदी हळू, आवाज न करता खाली ठेवला. वहिनींकडे त्यांनी बघितलं नाही.

इतक्यात भिंतीपलीकडे शेवटचा कुत्रा गेला असावा. पाइपातून गडगड आवाज आला आणि औषधाचं दुधाळ पाणी धो धो वहिनींच्या पायांवर पडलं. तो वास त्यांच्या ओळखीचा होता. त्यांच्या सगळ्या साड्यांना तो होता.

"अहो," त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "थांबा."

"बरं," भिंतीपलीकडून आवाज आला, आणि धार थांबली.

रोपवाल्या बाई काठावर चढल्या आणि त्यांनी हात पुढे केला. वहिनींनी तो धरला. वर आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "तुमच्या फाटकात मी फार मोठ्याने बोलले."

"मला ऐकू कमी येतं," बाई म्हणाल्या. तसं काही नव्हतं.

तरी वहिनी एवढ्यात हार मानणाऱ्या नव्हत्या. त्या तडक डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. औषध देऊन रोग बरा होतो. औषधाने माणसाचे मासे मरतात हे कुठलं शास्त्र, असं त्यांनी विचारलं.

डॉक्टरीणबाई एका मांजराच्या कानात बघत होत्या. "औषध आपण म्हणतो, वहिनी. किड्यांसाठी ते विषच आहे. आणि किडा कुत्र्यावरचा आहे की पाण्यातला, हे त्याला कळत नाही. अंगावर ओतायचं जे आहे ना, ते माशांनाही चालत नाही. मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, थेंब लावल्यावर काही दिवस कुत्र्याला पाण्यात सोडू नका."

"सांगितलं होतंत," वहिनी म्हणाल्या. "पण मला वाटलं, कुत्र्याला सर्दी होईल म्हणून."

"सर्दी?"

"म्हणून तर टॉवेल ठेवलेत इतके. कोरडं करूनच घरी पाठवायचो आम्ही."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, यासाठी त्यांना मांजराच्या कानात आणखी बराच वेळ बघावं लागलं. मग त्यांनी नीट समजावलं. सगळ्यांना सरसकट औषध नको. गोचीड हाताने काढता येतात तिथे हाताने काढायचे. ज्याला फारच त्रास आहे त्याला माझ्याकडे पाठवा, मी बघून काय ते देईन. आणि ओढ्याकडचा पाइप बंद करा.

पाइप त्याच संध्याकाळी यजमानांनी सिमेंटने बुजवला. उरलेलं औषध बाटल्यांसकट डॉक्टरीणबाईंकडे परत गेलं. दारावर 'दुकान बंद' अशी पाटी लागली आणि वहिनी स्वयंपाकघरात कढया घासत बसल्या.

पण त्यांचा खरा छळ केला तो भाऊजींनी. भाऊजी टोमणा मारेनात. सकाळी येऊन बसायचे, चहा घ्यायचे, चहा चांगला झालाय म्हणायचे. चहा चांगला झालाय असं त्यांनी आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. मीठ घातलेल्या भाजीत वहिनींनी मुद्दाम परत मीठ घालून वाढलं. भाऊजी मुकाट्याने जेवून उठले. इतकी माया वहिनींना सोसेना. ज्या माणसाने त्यांना एक दिवस सुखाने बसू दिलं नव्हतं तो आता त्यांना काचेच्या भांड्यासारखं जपत होता.

शेवटी एका दुपारी त्या दुकानात जाऊन रिकाम्या पेटीसमोर उभ्या राहिल्या.

"भाऊजी, एकदा बोला काय ते."

"काय बोलू?"

"जे पोटात आहे ते. तुमचे मासे मी मारले. आजोबा मी मारला. तुम्ही गप्प बसलात की मला जेवण जात नाही."

भाऊजींनी भिंग काढून टेबलावर ठेवलं. "वहिनी, तुम्ही मुद्दाम केलंत का?"

"नाही."

"मग मी काय बोलणार? आणि बोलून उपयोग काय? तुम्ही तर पाटीवर लिहूनच ठेवलंय. समूळ नष्ट. फक्त कुणाचं ते लिहायचं राहिलंय."

 वहिनींना हसू फुटलं, आणि हसता हसता त्या स्टुलावर बसल्या आणि रडायला लागल्या. भाऊजींनी घड्याळ पुसायचं फडकं पुढे केलं. "तेलकट आहे," ते म्हणाले, "पण मनापासून आहे." रडणं संपल्यावर वहिनींच्या नाकाला काळा डाग होता. तो आहे हे भाऊजींनी त्यांना संध्याकाळपर्यंत सांगितलं नाही, तेव्हा वहिनींना खात्री पटली की घर पूर्ववत झालंय.

दुकान पुन्हा उघडलं ते नव्या नियमांनी. आता वहिनी कुत्र्याला मांडीशी घेऊन बसायच्या आणि कानामागे, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली शोधून एकेक गोचीड चिमट्याने ओढून साबणाच्या पाण्यात बुडवायच्या. चिमटा भाऊजींचा, घड्याळाचा, सगळ्यात बारीक टोकाचा. त्याच्यावरून दोघांत रोज जुंपायची. गिऱ्हाइकं कुरकुरली. एवढा वेळ कुणाला आहे. थेंब टाका आणि मोकळे व्हा. काही जण पलीकडच्या रस्त्यावरच्या नव्या दुकानात गेले. वहिनींनी जाणाऱ्याला अडवलं नाही, पण त्याला तीन शेपट्यांच्या किड्याची सगळी हकीकत उभ्याने ऐकवल्याशिवाय सोडलंही नाही. तेवढ्यानेच काही जण थांबले. बेकरीवाला थांबला, कारण हवालदार दुसरीकडे कुणाला हात लावू देत नव्हता.

संध्याकाळी वहिनी तळ्याकाठी बसू लागल्या. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. कुणी कुत्रा पाण्यात सोडायला आला की त्या विचारायच्या, "थेंब कधी लावलेत?" माणूस गोंधळायचा. गोंधळला की त्या कुत्र्याची मान हुंगून बघायच्या. एकदा त्यांनी चुकून एका सभ्य गृहस्थांचीच मान हुंगली, असं भाऊजी सांगतात. वहिनी म्हणतात ते गृहस्थ कुत्र्याला उचलून घेऊन उभे होते, आणि जवळ काय आलं ते बघायला आपल्याला वेळ नव्हता.

ओढा लवकर सावरला. वरून पाण्याबरोबर किडे वाहत आले आणि भिंतीखालच्या दगडांना चिकटले. पहिला जिवंत दगड वहिनींनी सापडल्या सापडल्या उचलून घरी आणला, यजमानांना दाखवायला. यजमान "बरं" म्हणाले. भाऊजींनी भिंगातून बघितलं आणि म्हणाले, "आता याला परत नेऊन ठेवा, नाहीतर हाही तुमच्या खात्यावर जाईल." वहिनी तशाच ओल्या पायांनी परत गेल्या.

तळं मात्र सावकाश सावरतंय. पावसाळ्यानंतर एका कोपऱ्यात निवळ्या दिसल्या, मग एक चतुर, मग बरेच. पाणपिसवा अजून थोड्याच आहेत.

खिडकीतल्या पेटीत पुन्हा गप्पी मासे आले. ते यजमानांनी आणले असं वहिनी सांगतात. यजमानांना विचारलं तर ते "बरं" म्हणतात, म्हणजे खरं काय ते उघड आहे. पण भाऊजी जाळी घेऊन तळ्यावर निघाले तेव्हा वहिनी दारात आडव्या आल्या.

"तळ्यातलं काही काढायचं नाही. आधीच मूठभर उरलेत बिचारे."

"वहिनी, पिसवा आहेत त्या."

"असू देत. माझ्या आहेत त्या."

"मग माझ्या माशांनी काय तुमचं बोलणं खायचं?"

तोड अशी निघाली की अंगणात, कुंडीशेजारी, एक जुनं टिपाड ठेवायचं आणि भाऊजींनी माशांसाठी डासांच्या अळ्या त्यात स्वतः वाढवायच्या. वहिनींनी त्यावर परकराचं कापड ताणून बांधून दिलं. कापड नीट बांधलं की नाही यावर रोज सकाळी नवं भांडण होतं. भाऊजी म्हणतात वहिनी गाठ सैल मारतात, वहिनी म्हणतात भाऊजी उघडतात आणि विसरतात. सैल गाठीतून निघालेले डास दोघांनाही चावत नाहीत. ते यजमानांना चावतात. म्हणून यजमानांनी हल्ली आपली खुर्ची अंगणातून उचलून रस्त्याकडच्या दुकानात नेऊन ठेवली आहे. तिथे ते टॉवेलांच्या घड्या घालत बसतात, आणि भाऊजी तळ्याकडे पाय मोकळे करायला गेलेले असताना कुणी गिऱ्हाईक आलं, तर भिंतीवरच्या घड्याळांकडे बघून त्याला किती वाजले ते सांगतात.